कारवीचं आमंत्रण

जव्हारात धुकं उतरायचं असो, मोह गळायचा असो की रानात काजवे पेटायचे असोत, आमच्या भावोजींची परवानगी घेतल्याशिवाय निसर्गानं कधी काही केलेलं नाही. निदान भावोजींची तशी ठाम समजूत होती, आणि त्यांच्या सहवासात इतकी वर्षं काढल्यावर माझीही जवळजवळ तशीच झाली होती. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, आधी खोडाळ्याला आणि मग निवृत्त होईपर्यंत जव्हारच्या डेपोत, म्हणून सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. माणूस उंचीनं बेताचा, पण आवाज असा की डेपोतला माईक बंद आहे हे प्रवाशांच्या कधी लक्षातही येत नसे. ताईला मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी ‘मुलगी सुखरूप पोचली आहे’ अशी घोषणा केली होती, आणि बाकावर बसलेली दोन माणसं सवयीनं पिशव्या उचलून उभी राहिली होती. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरी आला आणि घर लहान पडायला लागलं. मग भावोजींनी त्याच्यासाठी मोठी जागा शोधली, ती म्हणजे जव्हार-मोखाड्याचा अख्खा डोंगर.

रानात काही घडायचं असलं की भावोजी त्याचं आमंत्रण करायचे. आमंत्रण म्हणजे लग्नाचं करतात तसं, घरोघर जाऊन. हातात पितळी वाटी, वाटीत कुंकवानं लाल केलेले तांदूळ, अंगात इस्त्रीचा सदरा आणि खांद्यावर हिरवा टॉवेल. दारात चपला काढायच्या, “आहेत का घरात?” असं विचारायचं, आणि घरातलं कुणी पुढे आलं की त्याच्या हातावर दोन-चार दाणे ठेवून म्हणायचं, “शुक्रवारी काजवे आहेत. तिन्हीसांज झाली की वरच्या रानात. सहकुटुंब यायचं. आग्रहाचं बोलावणं आहे, कारण सांगायचं नाही.” समोरचा हसला तरी यांचा चेहरा हलायचा नाही. बेकरीवाल्या चाचांच्या घरी अक्षतेऐवजी खडीसाखर, एवढाच काय तो फरक. पहिलं आमंत्रण नेहमी माझ्याकडे, कारण माझं सासर ताईच्या घरापासून दोनच गल्ल्यांवर, आणि मेहुणीचा मान मोठा. “मेहुणीबाई, तुम्ही आला नाहीत तर काजवे पेटणार नाहीत,” असं ते म्हणायचे. मी म्हणायची, “मग आधी त्यांना बिल भरायला सांगा.” पण जायची. अजूनही वैशाख संपत आला की संध्याकाळी माझं लक्ष दाराकडे जातं.

त्यांच्या मुलानं एकदा वडिलांचे कष्ट वाचावेत म्हणून मोबाईलवर गावाचा ग्रुप काढून दिला. भावोजींनी त्यावर मोठ्या हौसेनं काजव्यांचं आमंत्रण टाकलं, आणि मग वाटी घेऊन घरोघर फिरले, ग्रुपवर आमंत्रण टाकलंय हे सांगायला. मुलानं कपाळावर हात मारला. भावोजींचं म्हणणं सरळ होतं. मोबाईलवरचं बोलावणं माणूस वाचतो आणि बोट लावून पुढे ढकलतो. हातावर तांदूळ पडले की त्यांचं काय करायचं हा प्रश्न पडतो. खाता येत नाहीत, टाकता येत नाहीत, मग देवाजवळ ठेवावे लागतात आणि देवाजवळ ठेवले की जावंच लागतं. खरंच तसं होतं. माझ्या देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात लाल तांदळाची एवढी ढिगली साठायची की पावसाळ्यात तिथून मुंग्यांची रांग लागायची.

प्रत्येक प्रसंगाला प्रमुख पाहुणा हवा, हा त्यांचा दुसरा हट्ट. एका आषाढात त्यांनी धुक्याचं स्वागत ठरवलं आणि कुठल्याशा खात्यात नव्यानं बदलून आलेल्या साहेबांना गाठलं. साहेब बिचारे सपाटीवरचे, त्यांना वाटलं इथे धुक्याचा काही सण असतो. ते कोट घालून आले. माळावर आम्ही पन्नासएक माणसं जमलो, भावोजींनी त्यांच्या गळ्यात रानफुलांचा हार घातला, आणि तेवढ्यात उत्सवमूर्ती आली. अशी आली की माझ्या शेजारी उभी असलेली बाई मला दिसेना. साहेबांनी भाषण सुरू केलं. निसर्ग, पर्यावरण, आपली जबाबदारी, सगळं घेतलं. आम्ही पहिली पाच-दहा मिनिटं ऐकलं आणि मग एकेक करून आवाजाच्या उलट्या दिशेनं चहाकडे सरकलो. धुकं विरळ झालं तेव्हा साहेब एका म्हशीला उद्देशून समारोप करत होते, आणि म्हैस मन लावून ऐकत होती. भावोजी तिच्या शेजारी हात जोडून उभे होते. त्यांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. साहेब पुढे बदली होऊन गेले, तरी दर आषाढात त्यांचा भावोजींना फोन यायचा, धुकं आलं का म्हणून.

चैत्रात मोह गळायला लागला की त्याची फुलं पडताना आवाज कसा होतो ते ऐकायला भावोजी आम्हाला पहाटे झाडाखाली नेऊन बसवायचे. बोलायचं नाही, खोकायचं नाही. आता मोह काय जव्हारकरांनी बघितला नव्हता? पाड्यापाड्यावरच्या बायका पहाटेच टोपल्या घेऊन वेचायला येतात, त्यांना या ओळीनं बसलेल्या गावकऱ्यांचं काय वाटत असेल ते मोहालाच ठाऊक. एकदा एकीनं न राहवून विचारलं, “कोण वारलां काय?” भावोजींनी ओठावर बोट ठेवलं. ती बिचारी पदर सावरून आमच्यात येऊन बसली आणि बराच वेळ तोंड पाडून बसून राहिली.

पण भावोजींची खरी खोड म्हणजे लवकर जाणं. धुक्यानं घाटात अडकलेल्या गाड्यांच्या घोषणा आयुष्यभर करून त्यांना उशीर या गोष्टीची अशी काही धास्ती बसली होती की ते स्वतः प्रत्येक ठिकाणी आधीच पोचायचे. लग्नाला जायचे ते मांडव घालणाऱ्यांच्या बरोबर. बोहाड्याला, म्हणजे देवांच्या सोंगांच्या उत्सवाला, जायचे तेव्हा मुखवटे अजून पेटीत असायचे आणि संबळवाला जेवत असायचा. निघताना ताईला सांगायचे, “मी पुढे होतो, जागा धरतो. तुम्ही सावकाश या.” आणि खरंच, आम्ही सावकाश पोचलो की चांगल्यातल्या चांगल्या जागी तो हिरवा टॉवेल पसरलेला असायचा आणि त्याच्या टोकाला भावोजी पहारा देत असायचे. कुणी बसायला आलं की म्हणायचे, “इथे नको, ही जागा धरलेली आहे.” त्या टॉवेलवर आमच्या घरातल्या लहानथोरांनी बोहाडे बघितलेत, दसऱ्याची मिरवणूक बघितली आहे, आणि माझ्या लेकीच्या बारशाला उशीर झालेले गुरुजीसुद्धा त्याच्यावरच बसले होते.

त्या टॉवेलवर कधीच बसली नाही ती एकटी ताई. भावोजींच्या कुठल्याच प्रसंगाला ती यायची नाही. रानात मंडळी काजवे बघत असायची तेव्हा ताई घरी भलंमोठं पातेलं चढवून बसलेली असायची, कारण परत येताना सगळे तिच्याकडे चहाला येणार. पावसाच्या तोंडावर रानभाजीतली शेवळं निघाली की भावोजी शेवळाच्या भाजीचं आमंत्रण करायचे, तेव्हा ती शेवळं निवडायची, काकडाच्या फळांचा आंबट रस पिळायची, आणि घशाला खाज सुटली तर शिव्या खायची तयारीही तीच करायची. “तू का येत नाहीस गं?” असं विचारलं की म्हणायची, “सगळेच गेल्यावर चहाचं कोण बघणार?” आम्हाला ते पटायचं. चहाचं कुणीतरी बघायलाच हवं होतं, आणि आमच्यापैकी कुणाला बघायचं नव्हतं.

या सगळ्या प्रसंगांचा राजा म्हणजे कारवी. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. एरवी ते डोंगरउतारावर माणसाच्या उंचीचं वाढणारं, खरखरीत पानांचं साधं झुडूप. इकडे घरांचे कूड त्याच्याच काठ्यांचे असतात, वरून शेणमातीनं लिंपलेले. खोडाळ्याला असताना ताईचा पहिला संसार तशाच घरात झाला होता. भावोजी कारवीच्या जांभळ्या बहराचं वर्णन करायला लागले की ती म्हणायची, “मला नका सांगू कारवी. मी तिला शेण लावलंय. दर दिवाळीला, कोपरापर्यंत हात घालून.” भावोजींनी कारवीचे बहर बघितले होते, ताईनं एकही नाही. पहिल्या खेपेला ती बाळंतपणाला माहेरी आमच्याकडे होती, पुढच्या खेपांना कधी मुलं लहान, कधी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि गेल्या खेपेला तर भावोजींनी सूर्यमाळच्या डोंगरावर अख्खं गाव नेलं होतं, म्हणजे चहाचं पातेलं किती मोठं असणार ते बघा. “एकदा तरी तुझ्या बहिणीनं कारवी बघावी,” असं ते मला म्हणायचे. तेवढं बोलताना त्यांचा आवाज माणसाएवढा व्हायचा. बाकी सगळ्या निसर्गानं त्यांचं ऐकलं होतं, ही एक गोष्ट काही केल्या जमत नव्हती. आणि त्यांचं वय आता असं होतं की एक बहर हुकला तर पुढच्याची वाट बघायला सात वर्षं हाताशी असतीलच असं नव्हतं.

म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणापासूनच भावोजी अस्वस्थ होते. त्यांचा सूर्यमाळकडचा दोस्त म्हणजे लखमा. तिथल्या एका पाड्यावर त्याची भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती, आणि डोंगरावर काय चाललंय हे भावोजींना कळवायचं काम त्याच्याकडे. पाड्यावर मोबाईलला रेंज नसते, एका खडकावर चढून हात वर केला तर येते, त्यामुळे लखमाचे निरोप फार थोडक्यात असायचे. एका सकाळी त्याचा फोन आला. “कंट्रोलर, फुलली!” एवढं म्हणाला आणि रेंज गेली. बस्स. भावोजींनी पुढचं काही विचारलं नाही, विचारायची सोयही नव्हती. त्यांनी ताईच्या डब्यातून तांदूळ काढले, कुंकू कालवलं आणि दुपारपर्यंत अर्धं जव्हार पालथं घातलं. माझ्याकडे आले तेव्हा चपला काढायच्याही विसरले होते. “मेहुणीबाई, फुलली,” म्हणाले. अक्षत हातावर ठेवली आणि पुढच्या घराकडे वळले.

रविवारी दोन जीपा आणि एक टेम्पो भरून आम्ही निघालो. भावोजी अर्थातच पहाटेच्या गाडीनं पुढे गेले होते. ताई आली नव्हती, पण तिनं रात्रीपासून थापलेल्या नागलीच्या भाकऱ्या आणि पिठल्याचा डबा टेम्पोत होता. वर पोचलो तर डोंगर हिरवागार. हिरवा म्हणजे नुसता हिरवा. जांभळं म्हणून काही औषधालाही दिसेना. आणि त्या हिरव्या समुद्रासमोर भावोजी टॉवेल पसरून उभे, लखमा शेजारी. भावोजींचा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता.

“फुलली म्हणालास ना?” त्यांनी आमच्यादेखत लखमाला विचारलं.

“मंग! फुललीच ना. ती काय, तीन झाडां फुललीत.” लखमानं उताराच्या कडेला बोट दाखवलं. “मी काय खोटां सांगलां? तुम्ही इचारलांच नाय, किती ते.”

तीन झुडपं खरोखरच फुलली होती. बाकीच्या डोंगराला घाई नव्हती, त्याचा बहर पुढच्या वर्षी होता. ही तीन तेवढी आधी येऊन बसली होती, जागा धरायला आल्यासारखी. दुसरा कुणी असता तर त्यानं तोंड लपवलं असतं. भावोजींनी सदरा खाली ओढला आणि डेपोचा आवाज काढला. “लक्ष द्या. सर्वांनी रांगेत यायचं आहे. ढकलाढकली करू नये. प्रत्येकाला दर्शन मिळेल.” आणि अख्ख्या गावानं रांग लावली. रिमझिम पावसात छत्र्या घेऊन, एकेक कुटुंब त्या तीन झुडपांपुढे जाऊन उभं राहिलं, फोटो काढून घेतले, बाजूला झालं. बेकरीवाले चाचा दोनदा रांगेत उभे राहिले. नंतर धुक्यात बसून आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली, पोरं चिखलात लोळली, लखमानं तारपा काढून फुंकला आणि आमच्यातल्या जाडजूड बायकांनीसुद्धा फेर धरला. परत येताना टेम्पोत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, इतका चांगला कारवीचा कार्यक्रम आजवर झाला नव्हता.

पण भावोजींना ते लागलं. त्यानंतर आठवडाभर ते ओट्यावर नुसते बसून असायचे. एका दुपारी मी ताईकडे गेले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात वाल सोलत बसलो होतो आणि मी आपलं तिला चिडवायचं म्हणून म्हटलं, “ताई, पुढच्या वर्षी तू येच. तू येत नाहीस म्हणून रुसली असेल कारवी.” ताई वालाकडे बघत म्हणाली, “मला कुणी बोलावलं तर येईन ना.”

मला आधी हसूच आलं. “तुला काय बोलवायचं? सगळ्या गावाला तुझ्याच घरून बोलावणं जातं.”

“सगळ्या गावाला जातं,” ताई म्हणाली. “माझ्या डब्यातले तांदूळ, माझ्या करंड्यातलं कुंकू. तुला पहिली अक्षत. अगदी त्या साहेबालासुद्धा. मला एकदा तरी कुणी म्हटलं का, तू ये म्हणून? हे आपले म्हणतात, मी पुढे होतो, तुम्ही सावकाश या. ते तुम्ही म्हणजे तुम्ही सगळे. मी कशाला न बोलावता जाऊ?” ती रागानं बोलत नव्हती. एखाद्या माणसानं इतक्या वर्षांत तक्रार करायचंही सोडून दिलेलं असतं ना, तसं बोलत होती. घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देत नाही, ही आपली रीतच आहे. कुठल्याही घरात देत नाहीत. पण ज्या घरातून धुक्याचं आणि काजव्यांचंसुद्धा आमंत्रण निघतं, त्या घरातल्या बाईनं काय समजायचं?

बाहेर ओट्यावर खुर्ची कुरकुरली. भावोजी तिथेच बसले होते, हे आम्ही दोघीही विसरलो होतो. मग ओट्याच्या पायऱ्यांवर चपलांचा आवाज झाला आणि ते कुठेतरी निघून गेले.

चार वाजता मी निघायच्या बेतात होते, तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. “आहेत का घरात?” भावोजींचा आवाज, आणि तोही परक्याच्या दारात काढायचा तो. ताई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “आता काय विसरलात?” भावोजी उंबऱ्याबाहेर उभे होते. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर टॉवेल, चपला काढून नीट बाजूला ठेवलेल्या. हातात वाटी होती. तांदूळ कुठून आणले होते देव जाणे, घरातले नव्हते, बहुतेक कोपऱ्यावरच्या दुकानातून आणले असावेत, कारण त्यांनी ताईच्या डब्याला हात लावला नव्हता.

“पुढच्या भादव्यात सूर्यमाळला कारवी आहे,” भावोजी म्हणाले. “सहकुटुंब...” आणि अडखळले, कारण यजमानीणबाईंचं कुटुंब म्हणजे ते स्वतःच होते. पण आमंत्रणातला शब्द गाळायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. “सहकुटुंब यायचं. आग्रहाचं बोलावणं आहे. कारण सांगायचं नाही.”

“वर्षभर आधी?” ताई म्हणाली.

“लवकर सांगितलेलं बरं असतं.”

“आणि चहा?”

“चहाचं मी बघतो.”

ताईनं हात पुढे केला. भावोजींनी दोन-चार दाणे नाही ठेवले, अख्खी वाटीच तिच्या ओंजळीत रिकामी केली. ताईचं तोंड लाल झालं होतं, लग्नात झालं होतं तसं, आणि मी उगाचच दाराआडची केरसुणी सरळ करत बसले. ते तांदूळ ताईनं देवाजवळ ठेवले नाहीत. एका रुमालात बांधून कपाटात, लुगड्यांच्या घडीत ठेवले.

माघात भावोजी गेले. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या एकाही प्रसंगाला जव्हार कधी वेळेवर जमलं नव्हतं, त्या दिवशी मात्र मुंबईहून मुलगा पोचायच्या कितीतरी आधी सगळं गाव दारात उभं होतं. लखमा सूर्यमाळहून आला आणि एका कोपऱ्यात उकिडवा बसून राहिला. त्यांचा तो आवाज घरात कुठेच नव्हता. मी आधी कधी लक्षच दिलं नव्हतं, त्या घरातलं घड्याळ किती मोठ्यानं चालतं ते.

मग चैत्रात मोह गळला. वैशाखाच्या शेवटी काजवेही आले असणार. मी बाजारात एकीला विचारलं, “गेला होतात का बघायला?” ती म्हणाली, “नाही हो. कुणी बोलावलंच नाही.” मी दुसरीला विचारलं, तीही तेच म्हणाली. शेवटी माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा गेले नव्हते. रान होतं तिथेच होतं, काजव्यांनी काही दार लावून घेतलं नव्हतं, पण हातावर तांदूळ पडल्याशिवाय आपल्या रानात जायची आम्हाला सवयच राहिली नव्हती. भावोजींची फार आठवण आली. असा राग आला त्यांचा, की इतकी सवय लावून कुणी असं जातं का?

भादव्यात एका सकाळी लखमा एस.टी.नं स्वतः जव्हारला आला. फोन केला नाही. ताईच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “वैनी, फुलली.”

“किती झाडं?” ताईनं विचारलं.

लखमानं दोन्ही हात पसरले. “आवघा डोंगर, वैनी. पाय ठेवाय जागा नाय.”

ताईनं कपाट उघडलं, लुगड्यांच्या घडीतून तो रुमाल काढला आणि त्यातले निम्मे तांदूळ पितळी वाटीत ओतले. गुडघे धरून धरून ती माझ्याबरोबर घरोघर फिरली. तिला ते शब्द येत नव्हते, ती नुसतं म्हणायची, “कारवी आहे. या.” बायका हातावर तांदूळ घ्यायच्या आणि तशाच देव्हाऱ्याकडे वळायच्या. बेकरीत गेलो तर चाचांनी फळीवरून खडीसाखरेचा डबा काढून पुढे ठेवला. म्हणाले, “भाभी, हा कंट्रोलरसाहेबांसाठी भरून ठेवला होता. तुम्ही द्या, आम्ही घेतो. आणि चहाचं सामान माझ्याकडे. तुम्ही त्यात पडायचं नाही.”

सूर्यमाळच्या वळणावरून जीप पुढे गेली आणि सगळ्यांनी माना बाहेर काढल्या. डोंगर जांभळा झाला होता. खालच्या ओहोळापासून वर आभाळ टेकतं तिथपर्यंत, आणि सगळ्या उतारावर मधमाश्यांचा असा गुणगुणाट चालला होता की जीप बंद केली तरी काहीतरी चालू असल्यासारखं वाटत होतं. ताई खाली उतरली. लखमानं पुढे केलेला हात तिनं घेतला नाही, एकटीच कडेपर्यंत गेली. एक फांदी ओढून जवळ घेतली, फुलं बघितली, मग खाली वाकून त्या झुडपाची काठी मुठीत धरली. ती तिला ओळखीची होती.

“इतकी नटते होय गं ही,” ती म्हणाली. “आणि मी आपली हिला शेण लावत बसले होते.”

माणसं येत राहिली. चाचांनी स्टोव्ह पेटवला. आदल्या वर्षी जिथे सगळ्यांनी रांग लावली होती तिथेच एक सपाट खडक आहे. ताई त्याच्यावर जाऊन बसली, पिशवीतून भावोजींचा हिरवा टॉवेल काढला आणि आपल्या शेजारी नीट चारही टोकं ओढून पसरला. रुमालातले उरलेले तांदूळ त्याच्यावर ठेवले. जागा चांगली होती, अख्खा उतार समोर दिसत होता. गावात नव्यानं राहायला आलेली एक मुलगी चहाचा कप घेऊन आली आणि त्या टॉवेलवर टेकायला लागली.

“तिथे नको, बाळा,” ताई म्हणाली. “ती जागा धरलेली आहे.”